पावसाचं पाणी गाडीत नेमकं शिरतं कुठून?

गाडीत पाणी येतंय हे बहुतेक वेळा आधी नाकाला कळतं. सकाळी दार उघडलं की कुबट वास येतो, काचा आतून धुरकट झालेल्या असतात आणि पायाखालचं मॅटिंग दाबलं की पचपचतं. मग गाडी गॅरेजला जाते. तिथे कोणीतरी दाराचं रबर दाबून बघतं, काचेच्या कडेने सिलिकॉनची रेघ ओढून देतं, आणि पुढच्या मोठ्या सरीला पाणी पुन्हा हजर. यात कुणाची लबाडी असतेच असं नाही. ओल दिसते तिथेच गळती आहे असं धरून चाललं की दुसरं काही होऊच शकत नाही.

कोकणात कौलारू घरात राहिलेल्या माणसाला हे लगेच कळेल. थेंब माजघरात पडतो म्हणून माजघरावरचंच कौल फुटलंय असं कोणी मानत नाही. पाणी वर कुठेतरी फुटक्या कौलातून येतं, वाशाला धरून चार हात खाली सरकतं, आणि मध्ये खिळा किंवा गाठ आडवी आली की तिथे टपकतं. गाडीत वाशांचं काम वायरी, नळ्या, पत्र्याच्या घड्या आणि प्लॅस्टिकच्या क्लिपा करतात. वरच्या लायनिंगपाशी शिरलेलं पाणी छताला तोलणाऱ्या पत्र्याच्या खांबातून उतरतं, गालिच्याखाली जातं आणि गाडी चढावर उभी असेल तर मागच्या सीटच्या पायाशी जमा होतं. म्हणून मागचा गालिचा भिजला तरी मागचं दार निर्दोष असू शकतं.

दुसरी गोष्ट समजून घेतली की निम्मं काम होतं. गाडीला आपण बंद डबा समजतो, पण ती तशी बनवलेलीच नसते. पाणी काही ठिकाणी मुद्दाम आत घेतलं जातं आणि ठरलेल्या वाटेने बाहेर सोडलं जातं. पाणी तरी किती? एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लीटर पाणी. साध्या हॅचबॅकचं छप्पर आणि पुढची काच मिळून सुमारे अडीच-तीन चौरस मीटर धरू. 24 तासांत 115.6 ते 204.4 मिलिमीटर पाऊस झाला की हवामान खातं त्याला अति मुसळधार म्हणतं, आणि कोकण किंवा घाटमाथ्यावर असे दिवस दर पावसाळ्यात येतात. 150 मिलिमीटरच्या दिवशी एवढ्याशा जागेवरून 400 लीटरच्या आसपास पाणी वाहून जातं. त्यातलं शंभरातलं एक लीटर वाट चुकलं तरी गालिचा भिजायला पुरेसं आहे.

पाणी आत घेणारी पहिली जागा म्हणजे पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरखाली असलेली काळी प्लॅस्टिकची जाळी. तिच्याखाली पत्र्याची लांबट पन्हळ असते, तिला काऊल म्हणतात. काचेवरून ओघळलेलं बहुतेक पाणी तिथे उतरतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकांच्या बाजूला खाली जातं. याच पन्हळीत ब्लोअरसाठी बाहेरची हवा घेणारं तोंड असतं. त्याला पाणी लागू नये म्हणून ते थोडं उंचावर ठेवलेलं असतं. आता गाडी गुलमोहराखाली, सोनमोहराखाली किंवा कडुनिंबाखाली रोज उभी राहते असं धरा. गुलमोहराची पानं इतकी बारीक की जाळीतून सहज आत जातात, मातीबरोबर कुजतात आणि भोकांवर चिखलाचा बूच बसतो. पन्हळ भरते, पाणी ब्लोअरच्या तोंडापर्यंत चढतं आणि तिथून आत येतं. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्याने ब्लोअर बहुतेक गाड्यांत डावीकडे, ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो. त्यामुळे पुढे डावीकडे, शेजारी बसणाऱ्याच्या पायाशी ओल असेल तर माझा पहिला संशय काऊलवर असतो. ग्लव्ह बॉक्स खाली करून एसीचा फिल्टर काढून बघा. तो ओला, काळपट किंवा पानांच्या चुऱ्याने भरलेला निघाला तर उत्तर जवळपास मिळालं. पुष्कळदा तिथे उंदराने घर केलेलंही सापडतं.

दुसरी जागा म्हणजे दारं. काच वरखाली होते त्या फटीला बाहेरून रबराची पट्टी असते, पण ती सगळं पाणी अडवत नाही आणि तिने अडवावं अशी अपेक्षाही नसते. पाणी काचेला धरून दाराच्या पोटात उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. ही भोकं मातीने बुजली की दार उघडताना आतून पाणी हिंदकळल्याचा आवाज येतो. एखादी बारीक काडी खालून फिरवली की धार लागते. आतल्या बाजूला, प्लॅस्टिकच्या पॅनेलमागे, दाराच्या पत्र्यावर काळ्या चिकट पट्टीने एक पातळ पडदा चिकटवलेला असतो. दिसायला पॅकिंगचा कागद वाटावा असा. दाराच्या पोटातलं पाणी आतल्या पॅनेलवर येऊ नये यासाठी तो असतो. त्याची खालची कड सुटली की पाणी पॅनेलमागून उंबऱ्यावर आणि उंबऱ्यावरून गालिच्याखाली जातं. दाराचं रबर मात्र बाहेरून बघितलं तर ठणठणीत.

तिसरी जागा सनरूफ. सनरूफच्या काचेभोवतीचं रबर पाणी पूर्ण रोखतं असा समज आहे, पण रबरातून सुटलेलं पाणी धरायला काचेखाली चौकटीसारखा ट्रे असतो. त्याच्या कोपऱ्यांतून सहसा चार नळ्या निघतात. पुढच्या दोन पुढच्या खांबांतून आणि मागच्या दोन मागच्या खांबांतून खाली उतरतात. नळी तुंबली किंवा तोंडातून निसटली की लायनिंगवर चहाच्या रंगाचा डाग दिसतो, खांबाचं कव्हर ओलं लागतं आणि पाय ठेवायची जागा भिजते. तपासायला फार काही लागत नाही. सनरूफ उघडा, ट्रेच्या एका कोपऱ्यात वाटीभर पाणी हळूहळू सोडा आणि खाली कुठून येतं ते बघा. चाकाजवळ धार लागली तर नळी साफ आहे. पाणी ट्रेमध्येच उभं राहिलं तर तुंबली आहे. तेव्हा मासे पकडायचा जाड तंगूस अलगद आत सरकवा. टायरवाल्याकडची हवा जोरात मारू नका. नळीचं टोक खांबाच्या आत कुठेतरी निसटलं तर ते बसवायला अख्खं लायनिंग उतरवावं लागतं.

या तीन वाटा तुंबल्यामुळे किंवा उघड्या पडल्यामुळे होणाऱ्या गळतीला पैसा कमी लागतो आणि डोकं जास्त लागतं. जिथून पाणी मुळी येताच कामा नये अशा जागा वेगळ्या. बदललेल्या विंडशिल्डच्या कडेला गोंद तुटक बसलेला असतो. छताच्या दोन बाजूंच्या पट्ट्यांखाली पत्र्याचा जोड असतो, त्यावरचं सीलर वर्षांनी तडकतं. अँटेनाच्या बुडाचं रबर उन्हाने कडक होतं. छतावर कॅरिअर बसवताना पाडलेली भोकं असतात. डिकीत, स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचत असेल तर टेल लॅम्पचं गास्केट आणि मागच्या बंपरआड असलेल्या हवा सोडायच्या झडपा बघाव्यात. हॅचबॅकमध्ये मागच्या काचेच्या वॉशरची नळी बहुधा छताच्या लायनिंगवरून जाते. ती सुटली तर पाऊस नसतानाही, वॉशर मारला की लायनिंग ओलं होतं, आणि पाण्याला साबणाचा वास येतो.

बाहेरून बसवून घेतलेल्या वस्तूंबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मला दिसलेल्या गळतींत त्यांचा वाटा मोठा आहे. मोठा हॉर्न, फॉग लॅम्प, कॅमेरा, स्पीकर, काहीही बसवायचं तर वायर इंजिनाच्या बाजूने आत आणावी लागते. मधल्या पत्र्यात रबराची गोल बुचं असतात, त्यांना ग्रोमेट म्हणतात. घाईतला फिटर ग्रोमेटला ब्लेडने चीर देतो आणि वायर सरळ आत ढकलतो. वायर वरून खाली आत येत असेल तर पाणी तिला धरून आरामात केबिनमध्ये उतरतं. तीच वायर ग्रोमेटच्या आधी थोडी खाली झोल देऊन मग वर आणून आत नेली असती, तर थेंब झोलाच्या तळाशी गळून पडला असता. पाच मिनिटांचं काम आहे, पण सांगितल्याशिवाय फारसं कोणी करत नाही.

शोधायला बसण्याआधी एक निवाडा करून घ्यावा: हे पाणी पावसाचंच आहे का? एसी चालू असताना हवेतली वाफ थंड जाळीवर जमते आणि ते पाणी एका नळीने गाडीखाली पडतं. दमट हवेत हे पाणी लिटरात मोजावं इतकं असतं. नळी तुंबली की ते आतच, पुढे डावीकडे, म्हणजे काऊलचं पाणी येतं अगदी त्याच जागी पडतं. फरक ओळखायला सोपा आहे. कोरड्या दिवशी अर्धा-पाऊण तास एसी लावून गाडी चालवा, मग उभी करा आणि खाली वाकून बघा. हवा दमट असूनही गाडीखाली थेंब पडत नसतील आणि आत ओल असेल, तर दोष एसीच्या ड्रेन पाइपचा आहे. पाणी चिकट, रंगीत आणि गोडसर वासाचं असेल, काचेवर आतून तेलकट थर येत असेल, तर तो कूलंट आहे, म्हणजे हीटरची जाळी गळते आहे. अशा वेळी गाडी फार चालवू नये. इंजिनातलं कूलंट कमी होत गेलं तर इंजिन तापतं.

आता खुद्द शोध. आधी गाडी आतून कोरडी हवी. गालिचा आधीच चिंब असेल तर नवा थेंब कुठून आला हे कसं कळणार? ज्या बाजूला ओल आहे तिथलं उंबऱ्यावरचं प्लॅस्टिक काढा, गालिचा उचलून आधार देऊन ठेवा, म्हणजे खालचा पत्रा उघडा दिसेल. पत्रा पुसून त्यावर टाल्कम पावडर किंवा खडूची पूड हलक्या हाताने भुरभुरवा. पाणी ज्या वाटेने येईल तिथे पावडर धुपून काळी रेघ उमटते, आणि तिचा उगम वरच्या टोकाला असतो. खांबाच्या कव्हरमागे, टेल लॅम्पखाली टिश्यू पेपर खोचून ठेवले तरी चालतं.

या कामाला दोन माणसं लागतात. एक बाहेर पाइप घेऊन, दुसरा दारं बंद करून आत टॉर्च घेऊन. बाहेरच्याने पाण्याचा जोर अगदी कमी ठेवायचा, बागेत रोपाला घालतो तेवढा. सर्व्हिस स्टेशनचा प्रेशर वॉशर इथे उपयोगाचा नाही. तो चांगल्या रबरातूनही पाणी घुसवतो आणि तुम्ही निरपराध जागा दुरुस्त करत बसता. सुरुवात खालून करायची: आधी उंबऱ्याची पातळी, मग दाराची खालची कड, मग काचेची कड, मग विंडशिल्डचा पायथा, बाजू, वरची कड आणि शेवटी छप्पर. वरून सुरू केलं तर पाणी सगळ्याच जागांवरून ओघळतं आणि कोणत्या जागेने दगा दिला ते कळत नाही. एका जागी पाणी धरून काही मिनिटं थांबा. आतल्या वाटा लांब असतात, थेंबाला पोचायला वेळ लागतो. बहुतेक लोक इथेच घाई करतात. आतल्याने नुसतं बघायचं नाही, बोटांनी चाचपायचंही. कारण पाणी पुष्कळदा दिसण्याआधी गार लागतं.

आमच्या नात्यात एका हॅचबॅकचा मागचा डावा गालिचा दर पावसाळ्यात भिजायचा. एका वर्कशॉपने दाराचं रबर बदललं, दुसऱ्यांदाही बदललं, बिलं झाली, ओल तशीच. रबर ठीक आहे की नाही हे बघायला कागदाची पट्टी पुरते. ती रबरावर ठेवून दार लावायचं आणि ओढायची. सगळीकडे सारखा ताण लागला तर रबर नीट दाबलं जातंय. इथे ताण सारखाच होता. पावडर टाकून पाणी सोडल्यावर काळी रेघ मागच्या दारापाशी गेलीच नाही. ती सीटखालून पुढे, पुढच्या डाव्या दाराच्या उंबऱ्याकडे गेली. पुढच्या दाराचं पॅनेल काढलं. आतल्या पडद्याचा खालचा कोपरा मोकळा लोंबत होता आणि चिकट पट्टीवर इतकी धूळ बसली होती की ती पुन्हा चिकटणं शक्य नव्हतं. स्पीकर बसवताना कोणीतरी तो सोलला होता. काचेवर पाणी सोडलं तशी दाराच्या पोटात बारीक धार उतरली, स्पीकरच्या वायरपाशी आली, वायरला धरून सुटलेल्या कोपऱ्यातून बाहेर डोकावली आणि पॅनेलच्या क्लिपवर थांबली. थेंब फुगला, क्लिपवरून सुटून उंबऱ्यावर पडला. मग दुसरा. घराबाहेरचा रस्ता चढाचा आणि गाडी नेहमी तोंड वर करून उभी, म्हणून तेच पाणी रात्रभर मागे सरकत जायचं. जुनी पट्टी खरवडून, पत्रा पुसून कोरडा करून ब्युटाइलची नवी पट्टी लावली आणि वायरला झोल दिला. पुढचा पावसाळा गालिचा कोरडा राहिला.

विंडशिल्डचा संशय असेल तर पाण्याऐवजी हवेने तपासता येतं. सगळ्या काचा-दारं बंद करा, बाहेरची हवा घ्यायचं बटण दाबून ब्लोअर पूर्ण वेगाने लावा आणि काचेच्या कडेला बाहेरून साबणाचं पाणी ब्रशने लावा. फट असेल तिथे बुडबुडे येतात. मागच्या झडपांतून हवा निघून जाते, म्हणून त्या जागेवर तात्पुरती टेप लावली तर दाब वाढतो. छोटी फट यातही कधी निसटते. पण बुडबुडा आला तर जागेबद्दल शंका उरत नाही.

जागा सापडल्यावर काय लावायचं, हा प्रश्न गांभीर्याने घ्यावा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं, व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन पत्र्याजवळ लावू नका. ते वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि पत्र्याला गंज धरतो. वर पुढच्या कारागिराला ते खरवडून काढता काढता नाकी नऊ येतात, कारण सिलिकॉनच्या थरावर दुसरं काही चिकटत नाही. पत्र्याच्या जोडांना पॉलियुरेथेन सीलर आणि पडद्यांना ब्युटाइल पट्टी योग्य. विंडशिल्ड गळत असेल तर वरून काही फासण्यापेक्षा काचवाल्याकडून ती काढून नीट बसवून घ्यावी. कडेखाली गंज निघाला तर तो साफ करून प्रायमर मारल्याशिवाय काच बसवू देऊ नका. ही काच नुसती वाऱ्या-पावसासाठी नसते. गाडीच्या सांगाड्याला ती बळ देते, आणि पुष्कळ गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग फुगताना काचेचाच आधार घेते. त्यामुळे गोंद पक्का व्हायला कारागीर जेवढा वेळ सांगेल तेवढा वेळ गाडी हलवायची नाही.

गळती बंद झाली की ओल आपोआप जाईल असं समजू नये. गालिच्याखाली फोम किंवा नमद्याचा जाड थर असतो, तो कित्येक लीटर पाणी धरतो आणि वरून हात लावला तर गालिचा कोरडा वाटतो. हल्ली गालिच्यावर चिकटून बसणारी 7डी मॅटिंग घालायची पद्धत आहे. तिच्याखालची ओल वाळायला वावच मिळत नाही. पावसाळ्यात गाडीतली जाड मॅटिंग काढून ठेवावी असं माझं स्पष्ट मत आहे. नीट वाळवायचं तर सीटचे बोल्ट काढून गालिचा उचलावा लागतो. सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसतील. ते एअरबॅगच्या यंत्रणेचे असतात. बॅटरीची वायर काढून काही वेळ थांबल्याशिवाय त्यांना हात लावू नये, आणि सवय नसेल तर एवढं काम जाणकाराकडून करून घ्यावं. सीट आणि गालिच्याखालच्या अशा कनेक्टरांमध्ये आणि वायरींच्या जोडांमध्ये पाणी मुरलं की एअरबॅगचा दिवा लागतो, सेंट्रल लॉक मनाला येईल तसं वागतं, आणि लोक सेन्सर बदलत बसतात.

फोम उन्हात वाळवा. ऊन नसेल तर टेबल फॅनसमोर उभा करून दोन-तीन दिवस ठेवा. पत्र्यावर गंजाचे ठिपके दिसले तर खरवडून प्रायमर लावा. एरवी ती जागा उघडी मिळत नाही. गालिचा परत बसवण्याआधी त्याच पाइपने, त्याच जागी, तेवढाच वेळ पाणी सोडून बघा. शक्य असेल तर उंबऱ्याचं प्लॅस्टिक पुढच्या एक-दोन खऱ्या सरींपर्यंत बसवू नका. पाइपचं पाणी एका जागी पडतं. धावत्या गाडीवर वाऱ्याने आडवा येणारा पाऊस मात्र पाइप न पोचलेल्या फटीही शोधून काढतो.

पुढच्या वर्षासाठी मे महिन्याच्या शेवटी अर्धा तास काढा. वायपरखालची पानं हाताने उचला, काऊलमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते दोन्ही चाकांपाशी उतरतंय ना बघा, दारांची भोकं मोकळी करा, सनरूफ असेल तर चारही कोपरे तपासा आणि स्टेपनीच्या खड्ड्यात एकदा हात घालून पाहा.